अच्युतकाकांचा पत्रव्यवहार

अच्युतकाका स्वतःला पत्रं लिहितात. नुसती लिहून ठेवत नाहीत, पाठवतात. पत्र पाकिटात घालायचं, पाकीट डिंकाने चिकटवायचं, मागच्या दाराने बाहेर पडायचं, विहिरीला वळसा घालून घराच्या पुढच्या अंगाला यायचं आणि खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, खांबाला टांगलेल्या पत्र्याच्या पेटीत ते टाकायचं. मग पुढच्या दाराने आत जाऊन चहा प्यायचा. तीन दिवसांनी ते पेटी उघडतात, उभ्या-उभ्याच पाकीट फोडतात, चष्मा लावून वाचतात आणि संतापतात.

"काय भाषा ही! एका जबाबदार मंडळाने दुसऱ्या मंडळाला असं लिहायचं?"

एरवी ते अस्सल मालवणीत बोलतात. पण पत्र हातात आलं की त्यांची भाषा एकदम कचेरीतली होते.

आमचं गाव म्हणजे खाडीतलं बेट. आमच्या बाजूला त्याला जुवा म्हणतात. तीसेक घरं, निम्मी हिंदूंची, निम्मी ख्रिस्ती, एक देऊळ, एक कपेल, रस्ता नाही. काही हवं असलं तर बाबल तारीच्या होडीतून पलीकडे जायचं आणि एसटीने कट्ट्याचा बाजार गाठायचा. एवढ्याशा जुव्यावर दोन मंडळं आहेत. बागायत मंडळ भाजीपाल्याचं आणि फुलझाडांचं बघतं. राखण मंडळ काठावरचं कांदळ सांभाळतं. कांदळ म्हणजे खाऱ्या चिखलात मुळं रोवून उभं राहणारं झाड. ते असलं की खाडीचं पाणी काठ खात नाही. राखण मंडळाचे संस्थापक अध्यक्ष अच्युतकाका. बागायत मंडळाचे प्रभारी अध्यक्षही अच्युतकाका. आणि ह्या दोन मंडळांचं आपसात पटत नाही.

जुव्यावरचं प्रत्येक घर दोन्ही मंडळांचं सभासद आहे, कारण एकाचं व्हावं तर दुसरं रुसतं. बैठका एकाच सकाळी, पाठोपाठ होतात. पहिली संपली की सगळे उठून आपापल्या खुर्च्या समोरच्या बाजूला नेतात आणि दुसरी सुरू होते. राखण मंडळाच्या बैठकीत काका बोटीवरची जुनी निळी टोपी घालतात. ते बावीस वर्षं मालवाहू बोटींवर होते. बागायत मंडळाला मात्र गवताची रुंद टोपी. ती त्यांना इतकी मोठी होते की कानांवर टेकते, आणि मग ऐकू कमी येतं म्हणून ते सगळ्यांना सांगतात, "तोंडी नको. लेखी दी."

हे त्यांचं नेहमीचंच वाक्य. माझ्या आईने एकदा त्यांना जेवायला बोलावलं, "भावोजीनू, सरंग्याची आमटी केलंय, येवा," तर म्हणाले, "लेखी दी." आईने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. ते जेवायला आले आणि निघताना पोचही देऊन गेले.

मी मंडळात गेले ते आईमुळे. बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्याहून जुव्यावर राहायला आलो. मी एका कंपनीचं काम घरूनच करते, त्यामुळे मला कोणाशी बोलावं लागत नाही, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतं. आईला आवडत नाही. तिने एक दिवस मला हाताला धरून काकांच्या खळ्यात उभं केलं.

"हिका खंय तरी घेवा. दिवसभर त्या लॅपटॉपात तोंड खुपसून बसता."

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मराठी टायपिंग येता?"

"येतं. हळू."

"इंग्लिश मिडियम?"

मी मान हलवली.

"काय हरकत नाय. अर्ज कर. दोन प्रती, दोन मंडळांका."

राखण मंडळाने माझा अर्ज त्याच दिवशी मंजूर केला. बागायत मंडळाचं उत्तर यायला आठ दिवस लागले. "अर्जदाराने आजवर काय लावले आहे, याचा खुलासा व्हावा," असं त्यात होतं. मी विचार करून खुलासा पाठवला : "काही नाही." पुन्हा चार दिवसांनी उत्तर आलं : "असे लिहून देणारा हा पहिलाच अर्जदार असल्याने सभासदत्व देण्यात येत आहे."

अशी मी दोन्ही मंडळांची सहचिटणीस झाले. म्हणजे टायपिस्ट. काकांनी सांगितलं, "उद्या सुकतीक ये." सुकती म्हणजे ओहोटी. मी रात्री मोबाईलवर ओहोटीची वेळ शोधून ठेवली आणि सकाळी बरोब्बर त्या मिनिटाला हजर झाले. काका अजून दात घासत होते.

"मोबायलातली सुकती भायल्या दर्याची, गो. पाणी खाडीतसून भायर जावक येळ लागता. आमची सुकती मागसून येता."

पत्रव्यवहाराची फाईल मी पहिल्यांदा उघडली तेव्हा मला हसू आवरलं नाही, आणि मी सहसा लोकांसमोर हसत नाही. बागायत मंडळाचं एक पत्र असं होतं :

"महोदय, आपल्या मंडळाच्या कुर्ल्या आमच्या हद्दीत शिरून मिरचीची रोपे कापत आहेत. त्यांना समज देण्यात यावी."

त्याला राखण मंडळाचं उत्तर : "महोदय, सदर कुर्ल्या कांदळात राहत असल्या तरी या मंडळाच्या सभासद नाहीत. सबब मंडळ त्यांना समज देऊ शकत नाही. तरीही आपल्या मिरचीबद्दल दुःख वाटते."

त्यावर बागायत मंडळ : "दुःख नको. कुंपण हवे."

अशी जवळजवळ वीस वर्षांची भांडणं होती. कांदळाची सावली वांग्यांवर पडते. शेणखताचा वास कांदळावरच्या बगळ्यांना सहन होत नाही. एका पत्रात तर बागायत मंडळाने राखण मंडळाच्या अध्यक्षांनी बैठकीत घोरल्याची नोंद घेतली होती.

मला मराठी वाचायला वेळ लागतो. शब्द कळायच्या आधी मला अक्षर दिसतं. म्हणून असेल, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. राखण मंडळाची सगळी पत्रं काकांच्या अक्षरात होती. उभं, ठोकळ्यासारखं, बोटीवरच्या पेट्यांवर रंगवतात तसं. बागायत मंडळाची पत्रं मात्र गोल, टपोऱ्या, फळ्यावरच्या अक्षरात. आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यानंतर ते गोल अक्षर फाईलमधून नाहीसं झालं होतं. तिथून पुढे दोन्हीकडची पत्रं ठोकळ्यांत.

मी काकांना विचारलं नाही. मला विचारायला जमत नाही. होडीत बाबलला विचारलं, कारण तो विचारायच्या आधीच सांगतो.

"ता अक्षर पास्कू मास्तराचा. तेचोच तो बागायत मंडळ. तुमचो काको तेच्या जाग्यावर बसलो हा, पण खुर्ची तेचीच आसा असां म्हणता. निवडणूक म्हटला तर अंगार येता."

पास्कू मास्तर जुव्यावरच्या शाळेत शिक्षक होते. बायको लवकर वारली. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागच्या मळ्यात भाजी लावली आणि मंडळ काढलं. दोघं शेजारी, दिवसभर एकमेकांच्या खळ्यात. भांडण काढायचं ते मात्र लेखीच. तीन वर्षांपूर्वी मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलगी रोझी त्यांना मडगावला घेऊन गेली.

"खुर्चीत बसवून होडीत घातलंव तेंका," बाबल म्हणाला. "तेवा मास्तरान डाव्या हातान डोक्यावरची टोपी काढून अच्युताच्या हातात दिल्यान. ह्येका वाटला, चार्ज दिल्यान. माका इचारशीत तर वाऱ्यान उडात म्हणान दिल्यान."

"तू काकांना सांगितलंस का हे?"

"माका खुळो समाजलंस?"

दर महिन्याच्या अखेरीस दोन्हीकडच्या पत्रांच्या प्रती एका मोठ्या पाकिटात मडगावला जात. रोझी फोनवर सांगे, "मी वाचून दाखवते बाबांना. समजतं का, नाही सांगता येत." काका स्वतः फोन घ्यायचे नाहीत. "फोनार काय? तो गप, मी गप. नुसता बिल."

ह्यानंतर मी जे केलं ते मला आजही आठवायला आवडत नाही.

त्या वर्षी मोठ्या उधाणाला पास्कू मास्तरांच्या मळ्याचा बांध फुटला. खारं पाणी आत शिरलं. तीन वर्षं पडीक असलेल्या त्या मळ्यात कांदळाची रोपं उगवली, एक-दोन नव्हे, शे-दीडशे. राखण मंडळाच्या बैठकीत सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं. मळा आता कोण करणार आहे? राहू दे कांदळ. काकांनी निळ्या टोपीतून मान हलवली आणि बागायत मंडळाला तसं पत्र लिहिलं : सदर मळा कांदळासाठी सोडावा.

आता बागायत मंडळाचं उत्तर यायला हवं होतं. ते येईना. काका गवताची टोपी घालून टेबलाशी बसायचे आणि कोऱ्या कागदाकडे बघत राहायचे. तीन आठवडे गेले. शेवटी एका सकाळी त्यांनी टोपी काढून ठेवली.

"माका सुचाना नाय. तूच लिव. पास्कू काय लिवलो असतो ता बघ. फाईल आसा."

मी फाईल वाचली असती तर बरं झालं असतं. मी काकांकडे बघितलं. ते थकलेले दिसत होते. आमच्या शाळेत पत्रलेखन शिकवताना सांगत की चांगलं पत्र नेहमी वाद मिटवतं. मला वाटलं, ह्या माणसाला ह्यातून सोडवावं. मी लिहिलं :

"महोदय, आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो. सदर मळा आपल्या मंडळास देताना आम्हाला आनंद होत आहे. आपल्या कार्यास मनःपूर्वक शुभेच्छा."

काकांनी न वाचताच सही केली. बागायत मंडळाचं पत्र मी टाईप करायला लागल्यापासून ते कधीच आधी वाचत नसत. आधीच वाचलं तर पेटीतून काढल्यावर राग कसा येणार? नेमकी महिनाअखेर होती. मी एक प्रत पेटीत टाकली आणि दुसरी मोठ्या पाकिटातून कट्ट्याच्या पोस्टात.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली. मी तिथेच होते. ते उभ्याने वाचायला लागले आणि मग खाली बसले. संतापले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ह्या मडगावाक गेला?"

"हो."

"पास्कू असां कधीच लिवचो नाय," ते हळूच म्हणाले. "आनंद होत आहे! मेलो मळ्यातला एक वांगा कोणाक देवक तयार नसायचो. आता तेका काय वाटात? अच्युतान माका काढल्यान. माझो मळो घेतल्यान, माझा मंडळ घेतल्यान, आणि वयर माझ्याच नावान शुभेच्छा दिल्यान."

"मी रोझीला फोन करते. वाचू नका म्हणून सांगते."

"नाय. टपालात पडला ता पडला. तेचा पत्र आसा, तो वाचतलो."

पुढचे पाच दिवस त्यांनी मला बोलावलं नाही. मी सुकतीला जायचे, खळं रिकामं असायचं, मी परत यायचे. आई म्हणाली, "जा गो शोधूक. लाजान काय व्हता?" सहाव्या दिवशी मी मास्तरांच्या घरामागे गेले.

काका मळ्यात गुडघाभर चिखलात उभे होते. डोक्यावर निळी टोपी. एकेक कांदळाचं रोप मातीच्या गोळ्यासकट दोन्ही हातांनी उचलायचे, फुटक्या बांधावरून पलीकडे उतरायचे आणि खाडीच्या काठाला लावून यायचे. ज्या माणसाने वीस वर्षं कांदळाची फांदी कोणाला तोडू दिली नाही, तो कांदळ उपटत होता. बांधाची निम्मी फट त्यांनी चिरे आणि चिखल घालून बुजवलीही होती.

त्यांनी मला बघितलं. "ह्या राखण मंडळाच्या कानार घालू नको."

"अध्यक्ष तुम्हीच आहात."

"तेकाच सांगू नको."

मी चपला काढल्या आणि आत उतरले. चिखल गार होता आणि पायाला घट्ट धरत होता. रोप कसं उचलायचं ते त्यांनी दाखवलं, मूळ ओढायचं नाही, खालून हात घालायचा, तान्ह्या पोराला उचलतात तसं. आम्ही बराच वेळ न बोलता काम केलं. मला ते बरं वाटलं. मग माझ्याकडे न बघता तेच आपल्या आईबद्दल बोलायला लागले.

"माझ्या आवशीक लिवूक येयना नाय. मी बोटीर आसताना तिची पत्रां पास्कू लिवायचो. ती सांगायची, हो लिवायचो. खाली आपली एक ओळ. 'तुझ्या घराकडचो माड वाकलो, तुझ्यासारखोच.' असां कायतरी. एकदा मी चार म्हयने लांब होतंय, मदी उतरूक गावणार नव्हता. आवशीची पत्रां येयत होती. तब्येत बरी आसा, तू जेवतस मां, सगळा." त्यांनी हातातलं रोप नीट चिखलात बसवलं. "घराकडे इलंय तेवा कळला, तिका जावन तीन म्हयने झाले. ह्यो मेलो तीन म्हयने लिवीत होतो."

"तुम्हाला राग नाही आला?"

"इलो तर. आठ दिस बोलाक नाय मी तेच्याशी." त्यांनी हातावरचा चिखल झटकला. "मगे तेणाच पत्र लिवल्यान. म्हटल्यान, बोलायचा नसात तर लेखी दी."

मी खाली वाकून पुढचं रोप शोधत राहिले. त्यांनी माझा चेहरा बघू नये असं मला वाटत होतं, आणि बहुतेक त्यांनाही तेच वाटत होतं.

मळा मोकळा व्हायला आम्हाला अकरा सुकत्या लागल्या. रोज संध्याकाळी मी मनात मोजायचे, पाकीट आता मडगावला पोचलं असेल, आता रोझीने उघडलं असेल. काका काही मोजताना दिसत नव्हते. पण बाबलची होडी धक्क्याला लागली की त्यांचे हात चिखलात थांबायचे आणि होडीतून कोण कोण उतरतंय ते बघून झालं की पुन्हा चालू व्हायचे.

बाराव्या दिवशी बांधाचा शेवटचा चिरा बसवून आम्ही खळ्यात पाय धूत होतो. बाबल पाकीट घेऊन आला. "मडगावचा," म्हणाला, आणि बघत उभा राहणार होता, पण काकांनी बघितल्यावर निघून गेला. तो होडी वल्हवत पलीकडे निघाल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

पाकिटात माझंच पत्र होतं. माझी ती सुबक, सारख्या ओळींची छपाई. त्यावर डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, आदराच्या, आनंदाच्या आणि शुभेच्छांच्या डोक्यावरून, निळ्या शाईत एकच शब्द लिहिला होता. पेन मुठीत धरून लिहिल्यासारखा. काही रेघांनी कागद फाटला होता. एक अक्षर मोठं, एक लहान, काना कुठल्या कुठे. मला तो वाचायला नेहमीपेक्षाही जास्त वेळ लागला.

नामंजूर.

आणि खाली, त्याहून वेडंवाकडं, "अध्यक्ष".

काकांनी कागद हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. ओल्या हाताने शाई पसरेल म्हणून हात धोतराला पुसला आणि पुन्हा धरला.

"अक्षर बघ," ते म्हणाले. "बघ बघ. मास्तर म्हणे! पोरांका शिकवल्यान चाळीस वर्सां." त्यांनी कागदाची घडी हाताने सरळ केली. "टाईप कर. महोदय... महोदय, आपले पत्र पावले. आपली भाषा..."

मी लॅपटॉप उघडून वाट बघत राहिले. मी मान वर केली नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "भायर जा गो जरा. होडी येता काय बघ."

होडी आत्ताच पलीकडे गेली होती. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. मी लॅपटॉप मिटला, धक्क्यावर गेले आणि चांगली अर्धा-पाऊण तास होडीची वाट बघत उभी राहिले.